लेझी जोडणी: क्लोजरमधील कॉनकॅट आणि लेझी-कॅट यांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

क्लोजर या फंक्शनल भाषेत अनेक संग्रह एकामागोमाग एक जोडण्याविषयी जे प्रश्न माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतात, ते येथे सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने लावले आहेत. फंक्शनांची नावे देवनागरीत लिहिली असून कंसांची मांडणी मात्र भाषेतली आहे तशीच ठेवली आहे. बहुतेक गोंधळाचे मूळ एकच असल्याचे मला आढळले आहे: ‘घटक उशिरा काढणे’ आणि ‘ज्या पदावलीतून (चालवल्यावर मूल्य देणाऱ्या कोडच्या तुकड्यातून) घटक येणार ती पदावलीच उशिरा चालवणे’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या एकच समजल्या जातात. म्हणून घाईत असलेल्या वाचकानेही प्रश्न २ वगळू नये.

१. संग्रह ‘लेझी’ पद्धतीने जोडायचे म्हणजे नेमके काय होते?

दोन संग्रह जोडण्याची सरळ रीत म्हणजे दोन्हींतले सगळे घटक नव्या जागी उतरवून घेणे. लेझी जोडणीत काहीच उतरवले जात नाही. हाती येतो तो एक छोटा ऑब्जेक्ट, आणि त्याला एवढेच ठाऊक असते की पहिला घटक मागितला तर तो कोठून आणायचा आणि पहिला संग्रह संपल्यावर कोणाकडे वळायचे. त्यामुळे दहा लाख घटकांचे दोन व्हेक्टर (क्रमांकाने घटक ठेवणारे संग्रह) कॉनकॅट या जोडणीच्या फंक्शनने जोडायला दोन-दोन घटकांच्या व्हेक्टरांइतकाच वेळ लागतो, कारण त्या क्षणी खरे काम झालेलेच नसते. ते पुढे घटक मागणाऱ्याच्या वाट्याला येते. एकदा काढलेला घटक सीक्वेन्समध्ये, म्हणजे अशा मिळणाऱ्या घटकांच्या ओळीत, जपून ठेवला जातो, म्हणून तीच सीक्वेन्स दुसऱ्यांदा फिरताना तेच काम पुन्हा होत नाही. या जपणुकीचा मेमरीवर काय परिणाम होतो, ते प्रश्न १३ मध्ये आहे.

२. कॉनकॅट स्वतःच लेझी आहे, मग लेझी-कॅट वेगळे कशासाठी?

कॉनकॅट हे साधे फंक्शन आहे, आणि क्लोजरमध्ये कोणत्याही फंक्शनला हाक मारण्यापूर्वी त्याची सगळी आर्ग्युमेंट्स चालवून त्यांची मूल्ये काढली जातात. याला कॉनकॅट अपवाद नाही. पुढील ओळ पाहा:

`(कॉनकॅट (नोंदी-आण १) (नोंदी-आण २))`

‘नोंदी-आण’ हे फंक्शन डेटाबेसमधून एक व्हेक्टर वाचून आणते असे समजा. कॉनकॅट आपले काम सुरू करण्याआधीच दोन्ही वाचने पूर्ण झालेली असतात. पुढे त्या सीक्वेन्समधून कोणी एकच घटक घेतला, किंवा एकही घेतला नाही, तरी दुसऱ्या वाचनाचा खर्च होऊन गेलेला असतो. येथे लेझी आहे ते फक्त आधीच हाती आलेल्या व्हेक्टरांमधून घटक उचलणे.

लेझी-कॅट हा मॅक्रो आहे, म्हणजे दिलेला कोड चालण्यापूर्वीच तो बदलून देणारी रचना. तो प्रत्येक आर्ग्युमेंटला लेझी-सीकचे (आतली पदावली घटक मागितल्यावरच चालवणाऱ्या रचनेचे) वेष्टन घालतो आणि मग ती सगळी वेष्टने कॉनकॅटच्या स्वाधीन करतो. म्हणजे `(लेझी-कॅट क ख)` असे लिहिले की प्रत्यक्षात `(कॉनकॅट (लेझी-सीक क) (लेझी-सीक ख))` असा कोड तयार होतो. याहून अधिक जादू त्यात नाही. परिणाम मात्र मोठा आहे: ‘क’ ही पदावली पहिला घटक मागितल्यावरच चालते, आणि ‘ख’ ही पदावली ‘क’ पूर्ण संपून पुढचा घटक मागितला गेला तरच चालते.

यावरूनच निवड कशी करायची हेही ठरते. आर्ग्युमेंट म्हणून आधीच अस्तित्वात असलेली नावे किंवा थेट लिहिलेले संग्रह असतील, तर लेझी-कॅटने काहीच बचत होत नाही आणि कॉनकॅट पुरेसे आहे. आर्ग्युमेंट ही महाग फंक्शन-हाक असेल, स्वतःलाच हाक मारणारी असेल, किंवा ती चालल्याने बाहेरच्या जगात काही बदल होत असेल, तर लेझी-कॅट हवे. मात्र ती हाक स्वतःच तत्काळ परतणारी लेझी सीक्वेन्स देत असेल, उदाहरणार्थ मॅप (प्रत्येक घटकावर फंक्शन चालवणारे) किंवा फिल्टर (निवडक घटक ठेवणारे) यांची हाक, तर कॉनकॅटनेही बहुधा भागते, कारण मॅपला हाक मारणे स्वस्त आहे. खर्च त्याच्या घटकांचा असतो.

३. लेझी-कॅटला अप्लाय लावला तर त्रुटी येते. असे का?

पदावली न चालवता तशीच हाती घेणे फंक्शनाला शक्य नसते, म्हणून लेझी-कॅट मॅक्रो असणे अपरिहार्य आहे. मॅक्रो कोड संकलित होताना काम करतो, प्रोग्राम चालताना तो मूल्य म्हणून उपलब्ध नसतो. त्यामुळे आर्ग्युमेंट म्हणून फंक्शनच घेणाऱ्या अप्लाय, रिड्यूस किंवा पार्शल यांना तो देता येत नाही आणि मॅक्रोचे मूल्य घेता येत नाही अशा अर्थाची त्रुटी संकलनाच्या वेळीच येते. तसे पाहिले तर अप्लाय एका यादीतले घटक फंक्शनला आर्ग्युमेंट्स म्हणून देते, आणि ती यादी हाती असते तेव्हा त्यातल्या पदावल्या चाललेल्याच असतात, म्हणून लांबवण्यासारखे काही उरलेलेही नसते. संग्रहांची संख्या आधी ठाऊक नसेल तर यादीतले घटकच लेझी असतील असे पाहावे आणि `(अप्लाय कॉनकॅट यादी)` वापरावे, किंवा प्रश्न १४ मधील स्वतःला हाक मारणारी रचना करावी.

४. फिबोनाचीच्या उदाहरणात कॉनकॅट घातले की ते का मोडते?

लेझी-कॅटचे हे सर्वांत परिचित उदाहरण आहे आणि ते नीट समजले तर प्रश्न २ चे उत्तर मनात पक्के बसते:

`(डेफ फिब (लेझी-कॅट [० १] (मॅप + फिब (रेस्ट फिब))))`

येथे डेफने फिब या नावाची व्याख्या करताना फिब हेच नाव वापरले आहे; रेस्ट म्हणजे पहिला घटक सोडून उरलेली सीक्वेन्स. लेझी-कॅटमुळे मॅपची पदावली त्या क्षणी चालत नाही. व्याख्या पूर्ण होते, नावाला मूल्य मिळते, आणि नंतर कोणी तिसरा घटक मागितला की मॅप चालतो. तोवर फिबमध्ये ० आणि १ हे दोन घटक तयार असतात आणि त्यांच्या बेरजेने पुढचा घटक निघतो. त्यानंतर प्रत्येक नवा घटक आधीच्या दोहोंवर उभा राहतो.

लेझी-कॅटच्या जागी कॉनकॅट लिहिले तर मॅपची आर्ग्युमेंट्स लगेच चालवावी लागतात. त्यांत `(रेस्ट फिब)` आहे, आणि फिबला अद्याप मूल्यच मिळालेले नाही. ते नाव नुसते घोषित झालेले आहे. मूल्य न मिळालेल्या नावाची सीक्वेन्स करता येत नाही, म्हणून व्याख्या तेथेच कोसळते.

याच उदाहरणावर आणखी एक प्रश्न नेहमी येतो, तो असा की थोड्या वेळाने पूर्णांक मावत नसल्याची त्रुटी का येते. त्याचा लेझीपणाशी संबंध नाही. क्लोजरच्या १.३ या २०११ मधील आवृत्तीपासून साधी बेरीज ६४ बिटांच्या पूर्णांकाबाहेर गेल्यास आपोआप मोठ्या पूर्णांकाकडे वळत नाही, तर अपवाद फेकते. ६४ बिटांची कमाल मर्यादा ९२२३३७२०३६८५४७७५८०७ आहे. शून्यापासून मोजल्यास ९२ वी संख्या, म्हणजे ७५४०११३८०४७४६३४६४२९, तीत मावते आणि ९३ वी मावत नाही. बेरजेच्या चिन्हापुढे अवतरण-खूण असलेले फंक्शन वापरले की गरजेनुसार मोठे पूर्णांक घेतले जातात आणि सीक्वेन्स पुढे चालू राहते.

५. दोन व्हेक्टर जोडले तरी उत्तर व्हेक्टर का नसते?

कॉनकॅट आणि लेझी-कॅट दोन्ही नेहमी सीक्वेन्सच देतात, आत काहीही घातले तरी. छापल्यावर चौकोनी कंसाऐवजी गोल कंस दिसतो तो यामुळेच. समानतेच्या चाचणीत `(= [१ २ ३] (कॉनकॅट [१] [२ ३]))` हे खरे येते, आणि नेमके त्यामुळेच हा फरक पुष्कळ दिवस लक्षात येत नाही. तो उघडा पडतो कॉन्ज वापरल्यावर: व्हेक्टरला कॉन्ज शेवटी घटक जोडतो, सीक्वेन्सला मात्र सुरुवातीला. त्यामुळे कोणी मध्येच इंटूच्या (एका संग्रहात दुसरा ओतणाऱ्या फंक्शनाच्या) जागी कॉनकॅट लिहिले की पुढच्या ओळीतला नवा घटक निमूटपणे यादीच्या डोक्यावर जाऊन बसतो आणि कोणतीही त्रुटी दिसत नाही. पीक आणि पॉप (टोकाचा घटक पाहणारे आणि काढणारे) तेवढे लगेच अपवाद फेकतात. क्रमांकाने घटक काढायचा तर सुरुवातीपासून चालत जावे लागते, आणि घटकांची संख्या मोजायची तर सगळी सीक्वेन्स काढून घ्यावी लागते. व्हेक्टरच हवा असेल तर प्रश्न १५ पाहा.

६. निल, मॅप, सेट किंवा स्ट्रिंग एकत्र जोडता येतात का?

येतात. (येथे मॅप म्हणजे किल्ली-मूल्यांचा संग्रह, मॅप हे फंक्शन नव्हे.) निल, म्हणजे ‘काहीच नाही’ हे मूल्य, रिकाम्या संग्रहासारखा वागतो, म्हणून त्याची वेगळी तपासणी करावी लागत नाही. मॅपमधून किल्ली-मूल्याच्या जोड्या येतात, स्ट्रिंगमधून अक्षरे येतात, आणि सेटमधून घटक येतात, परंतु कोणत्या क्रमाने येतील याची हमी नसते. दोन मॅप एकत्र करून मॅपच हवा असेल तर कॉनकॅट नव्हे, मर्ज वापरावे.

७. पहिला संग्रह अनंत असेल तर दुसरा कधी येईल?

कधीच येणार नाही. शेवटचा संग्रह अनंत असणे मात्र अगदी योग्य आहे, आणि ठरावीक सुरुवातीनंतर अखंड चालणारी सीक्वेन्स बनवण्याची ती नेहमीची रीत आहे. दोन अनंत प्रवाहांतून आळीपाळीने घटक हवे असतील तर इंटरलीव्ह हे फंक्शन त्यासाठीच आहे.

८. मी एकच घटक मागितला, तरी माझे फंक्शन ३२ वेळा का चालले?

क्लोजरच्या १.१ आवृत्तीपासून काही सीक्वेन्स एकेक घटक न काढता ३२ घटकांच्या गठ्ठ्याने काढल्या जातात, कारण त्यामुळे दर घटकामागचा खर्च बराच कमी होतो. व्हेक्टर आणि मर्यादित रेंज यांच्या सीक्वेन्स अशा गठ्ठ्यांच्या असतात, मॅप आणि फिल्टर आलेला गठ्ठा गठ्ठ्यानेच पुढे देतात, आणि कॉनकॅटही तो मोडत नाही. त्यामुळे `(फर्स्ट (कॉनकॅट (मॅप हळू-फंक्शन (रेंज १००)) बाकी))` असे लिहिल्यावर पहिल्या घटकासाठी हळू-फंक्शन ३२ वेळा चालते. लेझी-कॅटने हे थांबत नाही. ते पदावली सुरू होण्याची वेळ लांबवते, सुरू झाल्यावर तिचे घटक किती-किती निघावेत हे ठरवत नाही.

जेथे प्रत्येक घटकामागे नेटवर्कची हाक किंवा फाइल उघडणे आहे, तेथे हा फरक महत्त्वाचा ठरतो. अशा ठिकाणी मूळ सीक्वेन्स गठ्ठ्याची नसावी, उदाहरणार्थ इटरेटने (आधीच्या घटकावर फंक्शन लावून पुढचा बनवणाऱ्याने) बनवलेली असावी, किंवा लेझी-सीक आणि कॉन्स (सुरुवातीला एक घटक जोडणारे फंक्शन) वापरून स्वतः एकेक पाऊल लिहावे. लेझीपणावर प्रोग्रामची अचूकता अवलंबून ठेवू नये, कार्यक्षमता ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

९. मॅपकॅट पूर्णपणे लेझी आहे का?

नाही. एकच संग्रह दिला तरी मॅपकॅट म्हणजे मॅपच्या उत्तरावर लावलेले `(अप्लाय कॉनकॅट ...)` असते. कॉनकॅटला दोन ठरलेली आर्ग्युमेंट्स आणि उरलेल्यांची यादी लागते, आणि कोणता प्रकार निवडायचा हे ठरवताना अप्लाय यादीत डोकावून पाहतो. परिणामी मूळ सीक्वेन्स गठ्ठ्याची नसली तरी पहिले चार घटक, कोणी काही मागण्यापूर्वीच, काढले जातात. गठ्ठ्याची असेल तर प्रश्न ८ प्रमाणे ३२. चार अतिरिक्त हाकांनी काही बिघडत नसेल तर मॅपकॅट निःसंकोच वापरावे. बिघडत असेल तर पुढील लहानसे फंक्शन त्याची जागा घेते: सीक्वेन्स रिकामी नसेल तर पहिल्या घटकावर फंक्शन चालवून आलेला संग्रह, आणि उरलेल्यासाठी स्वतःला हाक, असे दोन भाग लेझी-कॅटने जोडायचे.

१०. रिड्यूस आणि कॉनकॅट वापरून यादी वाढवली आणि स्टॅक ओव्हरफ्लो झाला. यात रिकर्शन कोठे आहे?

रिकर्शन, म्हणजे स्वतःलाच हाक मारत खोल जाणे, तुमच्या कोडमध्ये नाही, तुम्ही तयार केलेल्या मूल्यात आहे. रिड्यूस एकेक घटक घेऊन आधीचे उत्तर वाढवत नेते; त्याच्या प्रत्येक पावलाला कॉनकॅट आधीच्या उत्तराला डाव्या हाताला धरून त्याभोवती नवे वेष्टन घालते. काम काहीच होत नाही, फक्त वेष्टने साठतात. दहा हजार पावलांनंतर दहा हजार वेष्टने एकाच्या आत एक अशी बसलेली असतात आणि पहिला घटक सर्वांत आतल्या वेष्टनात असतो. तो मागितला की सर्वांत बाहेरचे वेष्टन आतल्याला विचारते, ते त्याच्या आतल्याला, आणि प्रत्येक प्रश्न उत्तर येईपर्यंत स्टॅकवर उभा राहतो. क्लोजर ज्यावर चालते त्या जावा व्हर्च्युअल मशीनचा स्टॅक मर्यादित असल्याने काही हजार पातळ्यांनंतर तो भरतो.

ही चूक ओळखायला अवघड जाते, याची कारणे तीन आहेत आणि तिन्ही सांगण्याजोगी आहेत. पहिले म्हणजे त्रुटी जोडणीच्या ओळीवर येत नाही; ती दूर कोठेतरी, जेथे पहिला घटक मागितला जातो तेथे येते, आणि स्टॅकच्या नोंदीत तुमच्या फंक्शनाचे नाव बहुधा सापडतच नाही, कॉनकॅट आणि सीक हीच नावे शेकडो वेळा दिसतात. दुसरे म्हणजे चाचणीत पाच-पन्नास पावले असतात, म्हणून तेथे सारे ठीक चालते. तिसरे कारण सर्वांत फसवे आहे: शोध घेण्यासाठी प्रत्येक पावलाला मधले उत्तर छापून पाहिले की त्रुटी नाहीशी होते. छापण्यासाठी आतले घटक काढावे लागतात, काढलेले घटक जपले जातात, आणि मग बाहेरच्या वेष्टनाला खोल जाण्याची गरज उरत नाही. अनेक दिवस अखंड चालणाऱ्या एका सेवेत, अॅटममध्ये (बदलते मूल्य ठेवण्याच्या जागेत) दर निरोपाला कॉनकॅटने भर घालणारी एक ओळ मी स्वतः लिहिली होती, आणि छापणारी ओळ काढून टाकल्यावरच तिने दगा दिला. तेव्हापासून एखाद्या लूपमध्ये किंवा अॅटमच्या बदलात कॉनकॅटच्या डाव्या हाताला साठत जाणारे मूल्य दिसले की मी तेथे थांबतोच.

प्रत्येक पावलाला डूऑल (सगळी सीक्वेन्स तत्काळ काढून घेणारे फंक्शन) लावल्याने त्रुटी टळते, परंतु दर वेळी सगळे घटक नव्याने उतरवले जातात आणि एकूण काम घटकांच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. खरा उपाय म्हणजे साठवण व्हेक्टरमध्ये करणे आणि भर इंटूने घालणे. सगळे संग्रह एकाच यादीत आधीच असतील तर `(अप्लाय कॉनकॅट यादी)` सुरक्षित आहे, कारण तेथे एकच पातळी तयार होते आणि कॉनकॅट यादीवरून पुढे सरकत जाते.

११. म्हणजे उजव्या बाजूला कितीही पातळ्या झाल्या तरी चालतात का?

दोन आर्ग्युमेंट्सच्या कॉनकॅटमध्ये चालतात. डावा संग्रह संपला की ते उजवा संग्रह जसाच्या तसा परत देते आणि स्वतः बाजूला होते, म्हणून पातळ्या साठत नाहीत. तीन किंवा अधिक आर्ग्युमेंट्सचा प्रकार मात्र असा वागत नाही, आणि ही गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. त्यात शेवटचा संग्रहही आतल्या मदतनीस फंक्शनातून एकेक घटक करून, किंवा गठ्ठ्याने, पुढे दिला जातो. कॉनकॅट शेवटपर्यंत मध्ये उभेच राहते.

द्विशाखी वृक्ष डावे-मूल्य-उजवे या क्रमाने फिरण्याच्या फंक्शनात हे दिसते. सहज सुचणारी रचना म्हणजे डाव्या फांदीसाठी हाक, मूल्याचा एक-घटकी व्हेक्टर आणि उजव्या फांदीसाठी हाक असे तीन भाग. हे तीन भाग कॉनकॅटला दिले तर पहिला घटक मिळण्यापूर्वीच सगळा वृक्ष फिरून होतो, कारण दोन्ही हाका आर्ग्युमेंट्स आहेत. लेझी-कॅटला दिले तर पहिल्या घटकासाठी केवळ डावा काठ उतरावा लागतो. २० पातळ्यांच्या भरलेल्या वृक्षात १०,४८,५७५ गाठी असतात, त्यांपैकी सुमारे २० गाठींनाच हात लागतो. समतोल वृक्षासाठी एवढे पुरेसे आहे.

वृक्ष एका उजव्या साखळीसारखा लांबत गेला असेल तर मात्र तीन भागांच्या रचनेत प्रत्येक घटक वरच्या सगळ्या पातळ्यांतून जातो, आणि साखळी पुरेशी लांब झाली की प्रश्न १० मधली त्रुटी येथेही येते. त्यावर उपाय म्हणजे दोनच भाग करणे: पहिला भाग डावी हाक, आणि दुसरा भाग मूल्य व उजवी हाक यांचा कॉन्स, `(लेझी-कॅट (फिर डावे) (कॉन्स मूल्य (फिर उजवे)))`. डाव्या साखळीवर याचा उपयोग नाही; तेथे स्वतःचा स्टॅक यादीच्या रूपात बाळगणारे फंक्शन लिहावे लागते.

१२. अनेक फाइलींच्या ओळी जोडल्या, पहिली ओळ आली आणि मग ‘स्ट्रीम बंद आहे’ अशी त्रुटी आली. का?

विथ-ओपन आपला कोड संपताच फाइल बंद करते. आतून बाहेर पडलेली लेझी सीक्वेन्स मात्र अजून वाचायचीच असते. लाइन-सीक पहिली ओळ तत्काळ वाचते आणि उरलेल्या नंतरसाठी ठेवते, म्हणून पहिली ओळ मिळाल्याने सारे ठीक असल्याचा भास होतो. येथे लेझी-कॅटने काहीच सुधारत नाही. उशिरा चाललेली पदावलीही फाइल उघडते, लेझी सीक्वेन्स परत देते आणि फाइल बंद करते.

दोन मार्ग आहेत. प्रत्येक फाइल विथ-ओपनच्या आतच डूऑलने पूर्ण वाचून घ्यावी आणि अशा वाचनांची जोडणी लेझी ठेवावी. मग फाइली एकामागोमाग एक, गरज पडेल तेव्हाच उघडतात. यासाठी मॅपकॅट वापरल्यास सुरुवातीलाच चार किंवा ३२ फाइली वाचल्या जातील, हे प्रश्न ८ आणि ९ वरून लक्षात येईल. फाइली मेमरीत मावणार नाहीत इतक्या मोठ्या असतील तर ओळी बाहेर आणण्याऐवजी ओळींवर करायचे काम फंक्शनच्या रूपाने विथ-ओपनच्या आत न्यावे. ट्राय-कॅच (अपवाद पकडणारे) आणि बाइंडिंग (नावाला तात्पुरते मूल्य देणारे) यांनाही हाच नियम लागू आहे: ज्या पदावलीभोवती ते लिहिले आहेत ती चालते तेव्हा, आणि तेवढ्यापुरतेच, ते जागे असतात.

१३. लेझी जोडणीने मेमरी वाचते, असे ऐकले होते. माझा प्रोग्राम उलट मेमरी का संपवतो?

मेमरी वाचते ती सीक्वेन्सचे पहिले टोक कोणी धरून ठेवलेले नसेल तरच. काढलेला प्रत्येक घटक पुढच्याला धरून असतो, म्हणून पहिल्याचा संदर्भ जिवंत असेल तर सगळी साखळी जिवंत राहते. फंक्शनामधल्या स्थानिक नावांचे संदर्भ शेवटच्या वापरानंतर सोडून देण्याची काळजी कंपायलर घेतो, परंतु डेफने दिलेले नाव प्रोग्राम संपेपर्यंत राहते. प्रश्न ४ मधील फिब हे असेच नाव आहे. मोठ्या कामासाठी तेथे सीक्वेन्स परत देणारे फंक्शन लिहावे, म्हणजे प्रत्येक हाकेला नवी सीक्वेन्स तयार होते आणि वापरून झालेला भाग मोकळा होतो.

१४. पानापानाने येणारी माहिती एकसंध यादी म्हणून कशी द्यावी?

लेझी-कॅटचा माझ्या मते सर्वांत उपयुक्त वापर हाच आहे. एका पानाच्या नोंदी आणणारे फंक्शन असेल तर ‘या पानाच्या नोंदी, आणि पुढच्या पानासाठी स्वतःला हाक’ एवढीच रचना लागते. आलेले पान रिकामे असेल तेव्हा थांबण्याची अट त्यात घालावीच लागते, नाहीतर हाका थांबणार नाहीत. म्हणून प्रत्यक्षात पान आधी एका नावात घेऊन, ते भरलेले असेल तरच पुढे जाण्याची मांडणी लेझी-सीकच्या आत करतात आणि जोडणी दोन आर्ग्युमेंट्सच्या कॉनकॅटने करतात. स्वतःला मारलेली हाक लेझी-सीकच्या वेष्टनात असल्याने ती लगेच परतते. टेकने (सुरुवातीचे ठरावीक घटक घेणाऱ्या फंक्शनने) नेमक्या एका पानाइतक्या नोंदी घेतल्या तर दुसरे पान मागवले जात नाही. नेक्स्टने मात्र मागवले जाते, कारण पुढे काही आहे की नाही हे सांगण्यासाठी त्याला पुढचा घटक काढावाच लागतो. अँपरसँड (& हे चिन्ह) वापरून उरलेली यादी नावात घेतल्यावरही तेच घडते. २०२२ मधील १.११ आवृत्तीपासून या कामासाठी इटरेशन नावाचे फंक्शन भाषेतच आहे. पुढच्या पानाची खूण आधीच्या पानाच्या उत्तरात येत असेल तर तेच वापरणे अधिक नीट.

१५. लेझी जोडणी केव्हा टाळावी?

सगळे घटक नक्की लागणारच असतील आणि ते मेमरीत मावणार असतील, तर लेझीपणातून काही मिळत नाही, दर घटकामागे वेष्टनाचा खर्च तेवढा पदरी पडतो. `(इंटू [] कॅट संग्रहांची-यादी)` ही मांडणी व्हेक्टर देते, मधली सीक्वेन्स बनवत नाही आणि स्टॅकची भीतीही ठेवत नाही. कॅट हा ट्रान्सड्यूसर (मधली सीक्वेन्स न बनवता घटक पुढे देणारी रचना) २०१५ मधील १.७ आवृत्तीपासून आहे. दोनच व्हेक्टर असतील तर डाव्यात उजवा इंटूने ओतावा, खर्च उजव्याच्या लांबीइतकाच येतो. मोठे व्हेक्टर वारंवार जोडायचे असतील तर कोर-आरआरबी-व्हेक्टर ही लायब्ररी लॉगरिदमच्या प्रमाणातल्या वेळात जोडणी करते.

१६. हॅस्केल आणि स्काला या भाषांत लेझी-कॅटसारखे काही का दिसत नाही?

हॅस्केलमध्ये आर्ग्युमेंट गरज पडल्याशिवाय चालतच नाही, म्हणून प्रश्न २ मधला भेद तेथे उद्भवत नाही आणि दोन अधिक चिन्हांचा जोडणी-कारक एकटाच पुरतो. हा कारक उजवीकडून गटबद्ध होतो, कारण डावीकडून गट केल्यास तेच घटक पुन्हा पुन्हा ओलांडावे लागतात. स्कालामध्ये २०१९ च्या २.१३ आवृत्तीत लेझी-लिस्ट आली. तिच्यासाठी एक हॅश आणि तीन अपूर्णविराम असा कारक आहे आणि त्याच्या उजव्या बाजूची यादी लागेपर्यंत काढली जात नाही.

१७. जोडणीची ओळ बिनतक्रार चालली, पण छापताना अर्धी यादी दिसून त्रुटी आली. चूक कोठे शोधावी?

संग्रहाच्या जागी संग्रह नसलेले काही, बहुधा एखादी संख्या, गेले आहे. `(कॉनकॅट [१ २] ३)` ही पदावली स्वतः काहीच तपासत नाही. १ आणि २ हे घटक मिळतात, आणि तिसरा मागितल्यावर ३ ची सीक्वेन्स करता येत नाही असे कळते. एकच घटक शेवटी जोडायचा असेल तर तो व्हेक्टरमध्ये घालून द्यावा. शोध घेताना छापणारी ओळ सोडून सीक्वेन्स जेथे तयार झाली तेथे जावे, आणि सापडेपर्यंत प्रत्येक जोडणीवर तात्पुरता डूऑल लावावा, म्हणजे त्रुटी तिच्या खऱ्या ओळीवर येते. सापडल्यावर ते डूऑल काढून टाकायला विसरू नये; अनंत सीक्वेन्सवर राहिलेला एक डूऑल प्रोग्राम कायमचा अडकवतो.